संगणक सुरू होत नाही? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी थांबा

प्रसंग ओळखीचा आहे. धुळ्यातल्या देवपुरात भाड्याची खोली असो, की जळगावात महाविद्यालयाचे वसतिगृह; शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा असतो आणि रात्री साडेअकराला लॅपटॉपचे बटण दाबल्यावर नेहमीचा पडदा येतच नाही. येतो तो काळाकुट्ट पडदा. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत ‘ग्रब रेस्क्यू’ असे दोन शब्द आणि त्यांच्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. बंद करून पुन्हा सुरू केला तरी तेच. चार महिन्यांचे काम, नोकरीसाठी जमवलेली प्रमाणपत्रे, बहिणीच्या लग्नाचे फोटो, सगळे त्या काळ्या पडद्यामागे अडकलेले. शेजारच्या खोलीतला मित्र डोकावतो आणि निकाल देऊन टाकतो, ‘विंडोज उडालं. आता फॉरमॅट मारावं लागेल.’

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली शेजारीशेजारी असतील आणि एखाद्या दिवशी तो असा अडून बसला, तर बिघाड सहसा माहितीत नसतो. प्रणालीतही नसतो. तो असतो ‘बूटलोडर’ नावाच्या एका चिमुकल्या प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्याकडे नेणाऱ्या नोंदीत. तो दुरुस्त करायला अनेकदा अर्धा-पाऊण तास पुरतो. उलट घाईने मारलेल्या ‘फॉरमॅट’मुळे तोपर्यंत सुरक्षित असलेली माहिती खरोखरच जाते. दुखणे लहान आणि इलाज जीवघेणा, असा हा प्रकार.

सांधा बिघडला, गाव शाबूत

बूटलोडरचे काम समजायला खान्देशातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. मुंबईकडून येणारी गाडी चाळीसगावला पोहोचते. तिथून एक फाटा धुळ्याकडे जातो, मुख्य मार्ग पुढे जळगावकडे. जळगावहून एक मार्ग अमळनेर, नंदुरबारमार्गे सुरतेला, दुसरा भुसावळला. भुसावळपुढे पुन्हा खांडव्याकडे आणि नागपूरकडे अशा दोन वाटा. गाडी कुठे जाणार, हे ठरते ते जंक्शनवरच्या सांध्यावर. रुळाची ती एक हलती पट्टी कोणत्या बाजूला वळली आहे, एवढ्यावर सारा प्रवास अवलंबून असतो.

समजा, चाळीसगावचा सांधा अडकला. गाडी पुढे सरकणार नाही, प्रवासी खोळंबतील. पण म्हणून धुळे नाहीसे झालेले नसते. तिथले रूळ, स्थानक, गाव, माणसे सगळे जागच्या जागी असते. बूटलोडर म्हणजे हा सांधा. तो बिघडला की विंडोजही सुरू होत नाही, लिनक्सही होत नाही. पण डिस्कवर दोन्ही प्रणाली आणि वापरणाऱ्याच्या साऱ्या फायली होत्या तिथेच असतात. सांधा अडकला म्हणून गाव पाडून नव्याने वसवावे, असे कोणी म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र नेमके तेच सुचवले जाते.

४४६ बाइटांचा कारभार

संगणक सुरू होण्यात मुळात एक कोडे आहे. डिस्कवरचा प्रोग्रॅम वाचायला मेमरीत आधी एखादा प्रोग्रॅम हवा. तो पहिला प्रोग्रॅम मेमरीत आणणार कोण? स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याची कल्पना इंग्रजीत अशक्य कामासाठी वापरली जाते. बुटाच्या त्या पट्ट्यांवरूनच संगणक सुरू होण्याला ‘बूट’ हा शब्द मिळाला. १९७५ च्या ‘अल्टेअर ८८००’ या घरगुती संगणकात हे पहिले पाऊल माणसाला स्वतः टाकावे लागे. समोरच्या पट्टीवरची बटणे एकेक करून वरखाली करत सुरुवातीच्या सूचना हाताने भराव्या लागत.

पुढे हे काम मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचे कोरलेल्या प्रोग्रॅमकडे आले. त्याला ‘बायोस’ म्हणतात. वीज मिळताच बायोस मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटांचा तुकडा मेमरीत आणून त्याच्या हाती सूत्रे देतो. या तुकड्याला ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ असे नाव आहे. त्यातले ६४ बाइट डिस्कच्या वाटण्या कुठे सुरू होतात आणि केवढ्या आहेत याच्या नोंदीसाठी, शेवटचे दोन बाइट ओळखीच्या खुणेसाठी. मग सूचनांसाठी उरतात फक्त ४४६ बाइट. आजच्या पद्धतीने देवनागरीत लिहिताना एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एवढ्या जागेत मराठीची दीडशेसुद्धा चिन्हे मावत नाहीत. वर्तमानपत्राच्या स्तंभातल्या पाच-सहा ओळी! एवढ्या जागेत दोन प्रणालींची निवड करून देणारा प्रोग्रॅम बसणे शक्य नाही. म्हणून तिथे फक्त पहिला दुवा असतो आणि तो डिस्कवर इतरत्र ठेवलेल्या मोठ्या भागाकडे बोट दाखवतो.

लिनक्सच्या जगात हा मोठा भाग बहुधा ‘ग्रब’ नावाचा असतो. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला. पदार्थविज्ञानात निसर्गातली बले एका सूत्रात बांधू पाहणारा ‘ग्रँड युनिफाइड’ सिद्धांत आहे. त्या नावाची गंमत करून ‘ग्रँड युनिफाइड बूटलोडर’ हे नाव ठेवले गेले. ग्रबच्या आधी ‘लिलो’ चाले. लिलोला पुढचा प्रोग्रॅम डिस्कवर नेमका कोणत्या ठिकाणी आहे ते पाठ करून ठेवावे लागे. जागा बदलली की पंचाईत. ग्रबला फोल्डर आणि फायली वाचता येतात. पत्ता बदलला तरी नावाने शोधता येतो. काळ्या पडद्यावरचे ‘ग्रब रेस्क्यू’ हे शब्द याच ग्रबचे असतात. पहिला दुवा जागा झाला आहे, पण पुढचा भाग त्याला सापडत नाही, एवढाच त्यांचा अर्थ.

गेल्या दहा-बारा वर्षांत आलेल्या संगणकांत चित्र बदलले आहे. बायोसची जागा ‘यूईएफआय’ या नव्या व्यवस्थेने घेतली. तिच्यात बूटलोडर डिस्कच्या पहिल्या तुकड्यात कोंबावा लागत नाही. त्याच्यासाठी डिस्कवर काहीशे मेगाबाइटांची वेगळी वाटणी असते. विंडोजचा बूटलोडर तिथल्या एका फोल्डरमध्ये, उबुंटूचा दुसऱ्या. कोणाला आधी हाक मारायची याची यादी मदरबोर्डवरच्या छोट्या स्मृतीत राहते. याचा मोठा फायदा असा की, एका प्रणालीचा बूटलोडर बिघडला तरी दुसऱ्या प्रणालीचा सहसा शाबूत असतो. फक्त यादीत त्याचे नाव वर आणावे लागते.

एका घरात दोन बिऱ्हाडे

एका संगणकावर दोन प्रणाली ठेवायच्याच कशाला, असा प्रश्न पडू शकतो. कारणे रोजच्या गरजेची आहेत. अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत लिनक्सची प्रात्यक्षिके असतात, तर कार्यालयीन कामे, टॅली आणि खेळ यांच्यासाठी विंडोज हवे असते. लॅपटॉप एकच, म्हणून दोन बिऱ्हाडे एका घरात नांदतात.

दुसरे कारण अलीकडचे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी ठरावीक सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगल्या चालत्या अनेक जुन्या यंत्रांना पुढची पायरी बंद झाली. अशा यंत्रांवर जुन्या विंडोजशेजारी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेणे हा एक मार्ग आहे. भारतातही सी-डॅकने ‘बॉस’ नावाची, भारतीय भाषांना धरून केलेली लिनक्स प्रणाली तयार केली आहे. लिनक्स शिकण्यासाठी मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मराठीतूनही मोफत मिळतात.

बिऱ्हाडे दोन झाली की दारावरचा वादही आलाच. बूटलोडर बिघडण्याची कारणे पाहिली तर तीच ती पुन्हा पुन्हा सापडतात.

पहिले, आधी लिनक्स आणि नंतर विंडोज टाकणे किंवा विंडोज नव्याने बसवणे. विंडोज सुरुवातीचा ताबा स्वतःकडे घेते आणि लिनक्सचे नाव यादीत मागे पडते. जुन्या यंत्रांत तर ग्रबचा पहिला दुवाच पुसला जातो.

दुसरे, जागा मोकळी करण्यासाठी विंडोजमधून लिनक्सची वाटणी काढून टाकणे. ‘ही वाटणी कोणाची ते दिसत नाही, मग उडवून टाकू’ असा विचार होतो. त्या वाटणीतच ग्रबचा मोठा भाग असतो. दुसऱ्या दिवशी ‘ग्रब रेस्क्यू’ हजर.

तिसरे, अपडेट चालू असताना वीज जाणे. डेस्कटॉपला यूपीएस नसेल किंवा लॅपटॉपची बॅटरी थकलेली असेल, तर ऐन उन्हाळ्यात खान्देशात हा धोका खराच. बूटलोडरच्या फायली लिहिल्या जात असतानाच पुरवठा तुटला तर त्या अर्धवट राहतात.

चौथे, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपणे. संगणकाची तारीख दरवेळी अनेक वर्षे मागे जात असेल तर संशय हाच. बॅटरी गेली की बायोसमधल्या काही जुळण्या मूळपदावर जातात, आणि ज्या पद्धतीने प्रणाली बसवली होती ती पद्धतच बदलते. इथे बूटलोडरला हात लावायचीही गरज नसते. बॅटरी बदलून जुळणी पूर्ववत केली की काम होते.

ऑगस्ट २०२४ चा धडा

कधी कधी वापरणाऱ्याने काहीच केलेले नसते. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी नेहमीप्रमाणे मासिक सुरक्षा अपडेट दिले. त्यानंतर जगभर अनेक दुहेरी संगणकांवर लिनक्स सुरू होईना. पडद्यावर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणजे सुरक्षा नियमाचा भंग, आणि पाठोपाठ ‘काहीतरी गंभीर बिघडले आहे’ अशा आशयाची इंग्रजी ओळ येई आणि यंत्र बंद पडे.

त्यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ ही पद्धत रूढ झाली. बूटलोडरवर विश्वासू संस्थेची डिजिटल सही असेल तरच यूईएफआय त्याला आत घेतो. कारण सरळ आहे. बूटलोडर सगळ्यांच्या आधी चालतो. तिथे विषाणू शिरला तर पुढे येणाऱ्या अँटीव्हायरसला तो दिसणारच नाही. लिनक्ससाठी ‘शिम’ नावाचा एक छोटा मध्यस्थ प्रोग्रॅम असतो. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, आणि तो पुढे ग्रबची ओळख पटवतो.

ग्रबच्या काही जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या होत्या. अशा आवृत्त्यांना दारातच अडवण्यासाठी पिढीनुसार क्रमांक देऊन त्यांची यादी करण्याची सोय झाली. ऑगस्टच्या अपडेटने ही यादी पुढे सरकवली. दुहेरी संगणकांना ती लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. पण काही यंत्रांत शेजारी लिनक्स आहे हे अपडेटला ओळखताच आले नाही. जुना शिम अडवला गेला आणि लिनक्सचे दार बंद झाले. उपाय निघाला तो असा: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, लिनक्समध्ये जाऊन ती नवी यादी एका आज्ञेने काढून टाकायची, लिनक्स अद्ययावत करायचे आणि सिक्युअर बूट पुन्हा सुरू करायचे. मे २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने हा दोष दूर केला.

या काळात ज्यांनी घाबरून डिस्क साफ केली त्यांनी विनाकारण माहिती गमावली. कारण त्यांच्या फायलींना या भानगडीत धक्काही लागलेला नव्हता. सह्यांचा हा विषय इथे संपत नाही. सिक्युअर बूटची २०११ सालची मूळ प्रमाणपत्रे जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने मुदतबाह्य होणार, असे वेळापत्रक आहे आणि त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रे अपडेटमधून दिली जातात. जुनी सही असलेला संगणक त्या तारखेला अचानक बंद पडत नाही. पण नवी प्रमाणपत्रे घेतली नाहीत तर पुढचे सुरक्षा बदल त्याला मिळणार नाहीत. म्हणून विंडोज आणि लिनक्स दोन्ही अद्ययावत ठेवणे हे आता बूटलोडरच्या तब्येतीसाठीही गरजेचे आहे.

आधी निदान

ताप आला म्हणून कोणी थेट शस्त्रक्रिया करत नाही. इथेही पडद्यावरची ओळ हे लक्षण आहे. ती पुसून टाकण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा. दुकानात न्यायचे झाले तरी तो फोटो उपयोगी पडतो.

मग एकच प्रश्न आधी सोडवायचा: डिस्क जिवंत आहे का? संगणक सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट बटण दाबले की बहुतेक यंत्रांत बायोसचा पडदा येतो. तिथे डिस्कचे नाव आणि आकार दिसत असेल तर चांगली खूण. नावच नसेल, किंवा जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर आजार वेगळा आहे. तो बूटलोडरचा नाही, डिस्कचा आहे. अशा वेळी संगणक पुन्हा पुन्हा चालू-बंद करणेही धोक्याचे. तो बंद ठेवून माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे जावे.

डिस्क दिसत असेल तर लक्षणांवरून बराच अंदाज येतो. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले, तर ग्रबला त्याची वाटणी सापडत नाही. नुसते ‘ग्रब’ आणि पुढे रेघ असेल, तर ग्रब पूर्ण जागा झाला आहे, पण प्रणालींची यादी असलेली फाइल त्याला मिळत नाही. संगणक न विचारता थेट विंडोजमध्ये जात असेल, तर ग्रब बहुधा सुखरूप आहे, फक्त क्रम बदलला आहे. आणि यादी येते पण तिच्यात विंडोजच नाही, असे असेल तर घाबरायचे कारण फारच कमी. ग्रबच्या २०२१ मध्ये आलेल्या २.०६ या आवृत्तीपासून शेजारच्या प्रणाली शोधणारी सोय सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेली असते. ‘ओएस-प्रोबर’ नावाची ही सोय ग्रबच्या जुळणीत सुरू करून यादी नव्याने बनवली की विंडोज पुन्हा दिसू लागते.

मग उपचार

सर्वांत सोपा उपाय आधी. संगणक सुरू होताना बूट मेनूचे बटण दाबायचे. डेल आणि लेनोव्होच्या यंत्रांत ते सहसा एफ-१२ असते, एचपीत एस्केप दाबून एफ-९, आसूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. समोर येणाऱ्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणि ‘उबुंटू’ अशी नावे दिसली तर हवे ते निवडून आत जाता येते. आत जाता आले, की अर्धे युद्ध जिंकले. पुढे बायोसमध्ये जाऊन क्रम कायमचा बदलून घ्यायचा. लिनक्स काढून टाकल्यामुळे अडलेल्या नव्या यंत्रांवर एवढ्यानेच काम होते.

हे जमले नाही, तर दुसऱ्या एखाद्या संगणकावर आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट भरून घ्यायचे आणि त्यावरून आपला संगणक सुरू करायचा. ‘इन्स्टॉल’ नव्हे, ‘ट्राय’ हा पर्याय निवडायचा. मग प्रणाली डिस्कला हात न लावता फक्त मेमरीत चालते. फायली दाखवणारी खिडकी उघडली की डिस्कवरच्या वाटण्या दिसतात. ज्या क्षणी आपला प्रकल्प, फोटो, हिशेब डोळ्यांनी दिसतात, त्या क्षणी पोटातला गोळा जातो. पण लगेच दुरुस्तीला लागायचे नाही. आधी सारे महत्त्वाचे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचे. विंडोजची वाटणी ‘फक्त वाचता येईल’ अशी उघडली तर बिचकू नये. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धे झोपलेले असते, तेव्हा असे होते. आणि माहिती उतरवायला वाचणे पुरेसे आहे.

त्यानंतर दुरुस्ती. ग्रब परत बसवण्यासाठी ‘बूट-रिपेअर’ हे मोफत साधन त्याच पेन ड्राइव्हवरून चालवता येते. ज्यांना आज्ञा लिहून काम करायची सवय आहे, ते लिनक्सची वाटणी जोडून ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ या दोन आज्ञांनी तेच करतात. पहिली बूटलोडर बसवते, दुसरी प्रणालींची यादी बनवते. फक्त विंडोजचाच बूटलोडर बिघडला असेल, तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ निवडून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे.

इथे एक पथ्य महत्त्वाचे. रक्त चढवण्याआधी जसा गट जुळवतात, तशी पेन ड्राइव्ह सुरू करण्याची पद्धत आणि प्रणाली बसवण्याची पद्धत जुळायला हवी. प्रणाली यूईएफआय पद्धतीची असेल आणि पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू केला असेल, तर दुरुस्ती ‘यशस्वी’ दिसूनही संगणक अडलेलाच राहतो. बूट मेनूमध्ये पेन ड्राइव्हचे नाव दोनदा दिसत असेल, तर नव्या यंत्रावर ‘यूईएफआय’ लिहिलेले नाव निवडावे.

दुसरे पथ्य ‘बिटलॉकर’चे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की अनेक लॅपटॉपवर डिस्कला आपोआप कुलूप लागते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूटमध्ये बदल केला की हे कुलूप ४८ अंकी चावी मागू शकते. ती सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती मोबाइलवरून शोधून कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसमधले काहीही बदलू नये. चावी नसेल तर आतली माहिती कोणालाच उघडता येत नाही, जाणकारालाही नाही.

‘फॉरमॅट’ का नको

दुरुस्तीच्या दुकानांत ‘फॉरमॅट मारू’ असे सुचवले जाते त्यामागे दरवेळी अज्ञान असतेच असे नाही. नव्याने विंडोज टाकणे हे ठरलेल्या वेळात, खात्रीने होणारे काम आहे. निदानाला लागणारा वेळ मोजता येत नाही आणि त्याचे पैसे मागायला दुकानदारालाही संकोच वाटतो. ग्राहकालाही यंत्र संध्याकाळपर्यंत हवे असते. या घाईची किंमत मात्र माहितीच्या मालकाला मोजावी लागते.

‘फॉरमॅट झाले तरी डेटा रिकव्हर होतो’ हा दिलासाही आता जुना झाला. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट केल्यावरही जुनी माहिती बऱ्याच अंशी जागेवर राहत असे. तिच्यावर नवे काही लिहिले नाही तर परत मिळण्याची आशा असे. आजच्या लॅपटॉपमध्ये असते एसएसडी. तिच्यात ‘ट्रिम’ नावाची व्यवस्था रिकाम्या ठरवलेल्या जागा स्वतःच पुसून तयार ठेवते. एकदा हे घडले की मागे काही उरत नाही.

आणखी एक सापळा आहे. डिस्क काढून दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडली की ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट येऊ शकते. डिस्क खराब आहे असा याचा अर्थ नाही. लिनक्सची वाटणी विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ती त्याला कोरी वाटते. अशा वेळी ‘कॅन्सल’ हेच उत्तर.

म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जा, धुळ्याच्या आग्रा रोडवर जा, की गल्लीतल्या ओळखीच्या दुकानात. यंत्र टेबलावर ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. डिस्क बायोसमध्ये दिसते का? काहीही करण्याआधी माझी माहिती दुसऱ्या डिस्कवर काढून द्याल का? दुरुस्तीनंतर दोन्ही प्रणाली राहतील का? आणि ‘मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे. महा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्याने किंवा व्यापाऱ्याने तर हे विसरूच नये. त्याच्या डिस्कवर फक्त त्याचीच नव्हे, गावातल्या शेकडो लोकांची कागदपत्रे असतात.

पुढच्या वेळेसाठी

दोन प्रणाली ठेवायच्या असतील तर क्रम पाळावा: आधी विंडोज, मग लिनक्स. लिनक्स काढायचेच असेल तर आधी बायोसमध्ये विंडोजचे नाव वर आणावे आणि मगच वाटणीला हात लावावा. अपडेट चालू असताना लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा, डेस्कटॉपला यूपीएस. प्रणाली नीट चालू असतानाच एक दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह बनवून कपाटात ठेवावा. बिघाड झाल्यावर तो बनवायला दुसरा संगणक शोधत फिरावे लागते. बिटलॉकरची चावी कागदावर. आणि या सगळ्यांहून मोठे पथ्य: ज्याच्याशिवाय आपले अडेल ते काम नेहमी दोन ठिकाणी असावे. बूटलोडर दुरुस्त होतो, जळालेली डिस्क होत नाही.

देवपुरातल्या त्या खोलीत मित्राचे ऐकले नाही आणि वर सांगितलेल्या वाटेने गेले, तर रात्री एकच्या सुमारास पडद्यावर पुन्हा ती साधी यादी उमटते. वर उबुंटू, खाली विंडोज बूट मॅनेजर आणि तळाशी दहापासून उतरत जाणारे सेकंद. अहवाल होता तिथेच असतो. झोपण्याआधी त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि मगच लॅपटॉप मिटायचा.